सातव्या मजल्यावरचा विडा

"सांगतो, पण तुमचा विश्वास बसणार नाही," हे खंडेराव सुरुवातीलाच सांगून टाकतात. म्हणजे पुढं विश्वास बसला नाही तर तो ऐकणाऱ्याचा दोष, आणि बसला तर खंडेरावांची कमाल.

मुकुंदवाडीत स्टेशनाकडं जाणाऱ्या गल्लीत चंपाबाईची पिठाची गिरणी आहे. गिरणीपुढं एक ओटा आहे. दळण होईस्तोवर माणसानं टेकावं म्हणून तो बांधला. खंडेराव दळण नसतानाही टेकतात. पशुसंवर्धन खात्यात पर्यवेक्षक म्हणून त्यांची चौतीस वर्षं गेली; गल्लीत त्यांना 'डाक्टर'च म्हणतात. जनावरांपुढं थापा मारून काही उपयोग नसतो, त्यामुळं एवढ्या वर्षांचा सगळा साठा माणसांसाठी शिल्लक राहिला.

त्या दिवशी ओट्यावर एसटीचे निवृत्त ड्रायव्हर मुंजाबा बसलेले होते. त्यांची ज्वारी रांगेत चौथी होती. चंपाबाई एक कान गिरणीच्या पट्ट्याकडं आणि एक कान ओट्याकडं ठेवून उभ्या होत्या.

"थायलंडचं जेवण," खंडेराव म्हणाले. "अकरा ताटं. तीन तास. आणि या माणसानं," इथं त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं, "एक घास तोंडात घातला नाही."

"का? दात दुखत व्हते?" मुंजाबांनी विचारलं.

"तत्त्व!" खंडेराव म्हणाले.

तर ते तत्त्व असं.

खंडेरावांची धाकटी प्रांजली बिडकीनकडच्या एका कारखान्यात तपासनीस आहे. मशिनमधून निघालेले सुटे भाग हातात घ्यायचे आणि 'हा चालेल, हा नको' करायचं, हे तिचं दिवसभराचं काम. त्याच सवयीनं तिनं नवराही तिथल्या तिथं तपासून बाजूला काढून ठेवला. सत्यम नाव, शेजारच्याच विभागात इंजिनिअर. खंडेरावांनी मुलाच्या घराण्याची चारी बाजूंनी चौकशी केली आणि त्यांची घोर निराशा झाली. हरकत घ्यावी असं काही सापडेचना. माणसं आपल्यातलीच, पणजोबा मेंढरांमागं फिरलेले, आता सोयगावला बी-बियाण्याचं दुकान. वडील अप्पाराव, आई मनकर्णाबाई. दोघांबद्दल गावात कुणी वाईट बोलेना. खंडेरावांनी दोन वेगळ्या माणसांना दोन वेगळ्या दिवशी चहा पाजून बघितला, तरी नाही.

अडचण एकच होती. पोरांनी आपसात जुळवल्यामुळं या सोयरिकीला मध्यस्थ नव्हता.

आता मध्यस्थ कशाला लागतो, हे ज्यांच्या घरात लग्नं झाली त्यांना सांगायला नको. दोन व्याही समोरासमोर बसले की त्यांना पाऊसपाणी आणि कापसाचा भाव यापलीकडं बोलता येत नाही. मुद्द्याचं बोलायला तिसरा लागतो. तो याच्या कानाला लागतो, त्याच्या कानाला लागतो, आणि दोघांच्या वतीनं एकटाच खोटं बोलतो. बोलणं पटलं की विड्याचं तबक पुढं येतं. मुलीच्या बापानं विडा उचलला की सोयरीक पक्की. मग राहिलेलं काही आठवलं तर ते त्यानं रात्री उशीत तोंड खुपसून आठवावं. बैठकीत उपयोग नाही.

प्रांजलीला हे माहीत होतं. ती म्हणाली, "बाबा, हॉल कुठला, आहेर काय, ते तुम्ही काय बी ठरवा. पण लग्नानंतर माझी नोकरी सुटणार नाय, एवढा शब्द अप्पारावांच्या तोंडून घ्या. शब्द आल्याबिगर विड्याला हात लावायचा नाय. दोनदा सांगतीय, कारण तुमचा भरवसा नाय."

"माझा भरवसा नाही? चौतीस वर्षं सरकारनं माझ्यावर भरवसा ठेवला!"

"सरकारनं तुमच्यापुढं विडा ठेवला नव्हता."

खंडेराव दुखावले. पण यात लेकीचं अगदीच चुकलं असं नाही. स्टेशनाजवळचा पानवाला खंडेराव कोपऱ्यावर दिसले की पानाला चुना लावायला घेतो. त्यांच्या सगळ्या शर्टांचा डावा खिसा तळाशी कातरंगी आहे. असो. माणसाचं मन खिशावरून ओळखू नये.

हॉटेल सत्यमनं निवडलं. जालना रोडवर सातव्या मजल्यावर. नाव असं, की उच्चारताना खंडेरावांची कवळी जागची हलायची. म्हणून ते नुसतं 'सातवा मजला' म्हणत. तिथं म्हणे आपण काही मागवायचं नसतं. ते देतील ते खायचं. एकामागून एक, अकरा पदार्थ, सगळे शाकाहारी. आणि पोरांनी वर अशी सूट दिली, की तुम्ही चौघंच जा. आम्ही आलो तर तुम्ही मोकळेपणानं बोलणार नाही.

रविवारी दुपारी साडेबाराची वेळ मिळाली. ती मिळण्याआधी हॉटेलनं मोबाइलवर एक अर्ज पाठवला. खंडेरावांना अर्ज दिसला की अंगात एक प्रकारची शिस्त संचारते. त्यांनी चष्मा पुसला, स्टुलावर मोबाइल ठेवला आणि बानाबाईंना आवाज बंद करायला सांगितला. बानाबाई म्हणजे त्यांच्या पत्नी, आणि त्या वेळी त्या फक्त भाजी निवडत होत्या. 'कशाची ॲलर्जी?' या रकान्यात खंडेरावांनी 'निरंक' लिहिलं. 'विशेष प्रसंग?' यापुढं 'सोयरीक (प्रस्तावित)' लिहिलं. 'आणखी काही कळवायचं आहे?' या रिकाम्या जागेत त्यांनी 'महोदय' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत सतरा ओळींचं पत्र बसवलं. विषय: चार व्यक्तींना भोजनास बसू देणेबाबत. हॉटेलातून फोन आला, "सर, कन्फर्म करायचं ना?" खंडेराव म्हणाले, "तोंडी नको. लेखी कळवतो."

इकडं गल्लीत बातमी फुटली. बातमी फुटली की सल्ला आलाच. एकवेळ नळाला पाणी येणार नाही.

चंपाबाई म्हणाल्या, "भाऊजी, त्ये लोक काड्यांनी खात्यात. मी मोबाइलवर बघितलंय. आधी हात बसवा, न्हाय तर व्याह्यापुढं शोभा व्हईल." आणि त्यांनी स्वेटर विणायच्या दोन सुया दिल्या. खंडेरावांनी तीन दिवस ज्वारीचा एकेक दाणा सुयांनी उचलून वाटीत टाकायचा सराव केला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी उडती माशी सुयांत पकडली, असं ते सांगतात.

"कंची माशी?" मुंजाबांनी ओट्यावर विचारलं. "बसलेली का उडती?"

"उडती. आणि सोडून पण दिली. मारायचा उद्देश नव्हता."

मुंजाबांचा स्वतःचा सल्ला निराळा होता. "डाक्टर, घरून जेवून जा. मी पुण्याला शिवनेरी न्यायचो तवा बघितलंय. हाटेलात ताट जेवढं मोठं, तेवढं जेवण बारीक." पण खंडेरावांनी तो मानला नाही. मुलीचा बाप सोयरिकीला जातो तेव्हा त्यानं पोटभर जेवायचं असतं. नाही तर माणसं म्हणतात, याच्या मनात काहीतरी आहे. म्हणून त्यांनी सकाळपासून चहावर काढलं.

साडेबाराला खंडेराव आणि बानाबाई लिफ्टमधून सातव्या मजल्यावर उतरले. दारातल्या बाईनं विचारलं, "कोणाच्या नावावर?" खंडेरावांनी पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली. आधारच्या झेरॉक्स, स्वसाक्षांकित, दोघांच्या. पासपोर्ट आकाराचे फोटो, प्रत्येकी दोन. आणि अर्जाची पोच. ती बाई म्हणाली, "सर, नुसतं नाव सांगा." खंडेरावांना वाईट वाटलं. एवढी तयारी करून माणसानं नुसतं नाव सांगायचं? त्यांनी आग्रहानं एक झेरॉक्स तरी ठेवूनच घ्यायला लावली. ती तिनं कुठं ठेवली असेल, याची त्यांना अजून काळजी आहे.

आत अप्पाराव आणि मनकर्णाबाई आधीच येऊन बसलेले. दोन्ही व्याह्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि एका नजरेत ओळखलं, की समोरचा असल्या जागी जन्मात आलेला नाही. आणि दोघांनीही त्याच क्षणी ठरवलं, की आपण आलेलो आहोत.

"थाई जेवण आम्हाला नवीन नाही," खंडेराव खुर्ची ओढत म्हणाले. "खात्याचा अभ्यास दौरा होता. पूर्वेकडं."

"पूर्वेकडं म्हंजी नागपूर," ओट्यावर मुंजाबा म्हणाले.

"नागपूर पूर्वेलाच आहे," खंडेराव म्हणाले, आणि पुढं गेले.

अप्पारावही काही कमी नव्हते. ते म्हणाले, "आमच्या बियाण्याच्या कंपनीनं आम्हाला एकदा न्हेलं व्हतं. लई खाल्लंय असलं." कुठं नेलं होतं हे त्यांनी सांगितलं नाही, आणि खंडेरावांनी विचारलं नाही. व्याह्यानं व्याह्याचा नकाशा उघडू नये.

वाढायला प्रेरणा नावाची एक बाई होती. छातीवर नावाची पट्टी. ती आधी चार वाट्या घेऊन आली. प्रत्येक वाटीत एक पांढरी गोळी. खंडेरावांनी लगेच ओळखली. आकार, रंग, जाडी, सगळं म्हशीला जंतासाठी देतात त्या गोळीचं. त्यांना त्या देशाबद्दल आदर वाटला. जेवणाआधी पोट साफ करून घेणारे लोक! एवढ्यात प्रेरणानं वर पाणी ओतलं आणि गोळी फुगून उभी राहिली. ती हात पुसायची ओली घडी निघाली. खंडेरावांनी हात पुसले, पण त्यांचा आदर थोडा कमी झाला.

आणि मग पहिला पदार्थ आला.

लाकडी पाटावर चार हिरवी पानं. शंकूसारखी दुमडलेली. आत भाजलेलं खोबरं, शेंगदाणे, आल्याचे तुकडे, लिंबाची फोड, वरून काही गोड ओतलेलं. प्रेरणा म्हणाली, "हे विड्याच्या पानाच्या जातीचंच पान आहे. पूर्ण एका घासात घ्यायचं."

खंडेराव हबकले. विडा! अजून तोंडातून शब्द निघाला नाही, पाण्याचा घोट घेतला नाही, आणि व्याह्यानं विडा पुढं केला! हा सगळा अप्पारावांचा डाव. सोयगावच्या माणसाला साधा समजू नये. आपण विडा उचलायचा, मग नोकरीचं काढलं की म्हणायचं, आता काय, पान तर खाल्लं. खंडेरावांच्या डोळ्यांपुढं प्रांजली उभी राहिली, हातात सुटा भाग घेऊन. 'हा बाप नको,' असं ती म्हणत होती.

त्यांनी हात मागं घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

"तुम्ही?" मुंजाबा म्हणाले. "विडा म्होरं, अन् हात मांडीखाली?"

"म्हणून तर सांगतो, विश्वास बसणार नाही."

इकडं हॉटेल मुलानं निवडलेलं, म्हणून अप्पाराव यजमान. पाहुण्यानं हात लावल्याशिवाय यजमानानं कसा लावायचा? ते खंडेरावांच्या हाताकडं बघत बसले, आणि हात तर दिसतच नव्हता. बायका आपापल्या नवऱ्यांकडं बघत बसल्या. चार पानं पाटावर तशीच. प्रेरणानं थोडा वेळ वाट बघितली, मग विचारलं, "उचलू का सर?"

"राहू द्या!" दोघंही एकदम ओरडले. कारण समोरून विडा उचलून नेला म्हणजे सोयरीक मोडली. खंडेरावांना मुलगा हातचा जाऊ द्यायचा नव्हता. चौकशीत हरकत न सापडलेला मुलगा या जिल्ह्यात दुसरा मिळायचा नाही.

झालं, गाडी इथं रुतली. विडा समोर असताना जेवता येत नाही, कारण विडा जेवणानंतरचा. विडा उचलता येत नाही, कारण शब्द आलेला नाही. शब्द मागता येत नाही, कारण मध्यस्थ नाही. आणि हॉटेलवाल्यांचं वेळापत्रक ठरलेलं. त्यांना कुणाच्या सोयरिकीशी घेणं नाही. दर पंधरा मिनिटांनी एक पदार्थ, त्याबरोबर प्रेरणाचं एक भाषण.

दुसरा आला. नारळाच्या करवंटीत गवती चहाचं सार. खंडेराव म्हणाले, "छान. ठेवा." तिसरा आला. कच्च्या पपईची कोशिंबीर, आणि ठेचण्याचा आवाज लोकांना ऐकू जावा म्हणून समोरच उखळात ठेचलेली. "छान. ठेवा." अप्पाराव म्हणाले, "यंदा कापूस बरा हाय." खंडेराव म्हणाले, "पाऊस मात्र लांबला."

चौथ्या पदार्थावर काचेचं झाकण होतं. प्रेरणानं ते उचललं आणि आतून पांढरा धूर निघाला. बानाबाईंचे हात सवयीनं जोडले गेले. त्यांनी धुरावरून तळवे फिरवून तोंडाला लावले, जसे धुपावरून लावतात. मनकर्णाबाईंनी त्यांचं बघून तेच केलं आणि वर बटव्यातून दहाची नोट काढून ताटलीत ठेवली.  प्रेरणाच्या भाषणात याला जागा नव्हती.

सहाव्या पदार्थापर्यंत टेबल भरलं. सातव्याला शेजारचं टेबल जोडावं लागलं. आठवा हिरवी आमटी आणि भात, नववा शेवया. खंडेरावांच्या पोटात सकाळपासून नुसता चहा होता. हिरव्या आमटीचा वास येत होता. समोर विडा होता. माणूस परीक्षेला बसतो ती अशी, असं त्यांचं मत आहे. बाकी शाळेतल्या परीक्षा म्हणजे पोरखेळ.

"यंदा कापूस बरा हाय," अप्पाराव तिसऱ्यांदा म्हणाले.

"पाऊस लांबला," खंडेराव म्हणाले.

शेवटी आतून शेफ आला. बद्रीनाथ नाव, पांढरा कोट, उंच टोपी. त्यानं दोन टेबलांवर पसरलेलं सगळं आपलं काम बघितलं. न मोडलेलं, न चाखलेलं. त्यानं विचारलं, "काका, काय चुकलं?"

"काही चुकलं नाही," खंडेराव म्हणाले. "वास उत्तम आहे."

"वास?" बद्रीनाथ म्हणाला. "मी सहा वर्षं शिकलो, काका. वासासाठी नाही." आणि तो टोपी काढून, काखेत धरून, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. खंडेराव सांगतात, की त्या दिवशी त्यांना खरं वाईट वाटलं ते या माणसाचं. आजारी जनावराचा मालक गोठ्याच्या दारात उभा राहतो, तसा तो उभा होता.

इथून पुढचं तर तुम्ही मुळीच मानणार नाही.

मागच्या टेबलावर थायलंडहून अजिंठा बघायला आलेली दहा-बारा माणसं बसलेली होती. खुद्द थायलंडची. ती दाल आणि जिरा राईस खात होती. त्यांच्या गाइडनं हॉटेलवाल्याशी भांडून तो करून घेतला होता; म्हणे, हे अकरा पदार्थ आम्हाला घरी रोज असतात. त्यांच्यात ऐंशीच्या पुढचे एक आजोबा. ते मघापासून खुर्ची वळवून इकडंच बघत होते. ते हसले, आणि खंडेरावांना त्यांचे दात दिसले.

लाल. काताचे लाल. साठ वर्षांच्या पानाशिवाय तसा रंग चढत नाही.

"ते दात बघितले," खंडेराव ओट्यावर म्हणाले, "आणि मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं."

आजोबा उठले. काठी टेकत आले. त्यांनी पाटावरच्या चार पानांकडं बोट केलं, मग खंडेरावांकडं, मग अप्पारावांकडं, आणि दोन्ही तर्जन्या एकमेकींना जोडून भुवया उंचावल्या. गाइड म्हणाला, "ते विचारतायत, मुलगा-मुलगी आहे का? त्यांच्याकडं पण मागणीला पान-सुपारीचं तबक नेतात."

भर शहरात, शिकलेल्या माणसांनी भरलेल्या त्या हॉटेलात खंडेरावांची अडचण एका माणसाला कळली होती, आणि तो समुद्रापलीकडून आला होता.

"त्याला मराठी येत व्हती?" चंपाबाईंनी गिरणी थांबवूनच विचारलं.

"नाही."

"मंग मध्यस्थी कशी केली?"

"मध्यस्थाला बोलावं लागत नाही, चंपाबाई. दोघांच्या मध्ये बसून मान हलवता आली पाहिजे. ती त्याला उत्तम येत होती."

आजोबांसाठी मधे खुर्ची मांडली. मनकर्णाबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात पुसायचं फडकं उपरण्यासारखं टाकलं, कारण मध्यस्थ उघड्या खांद्यानं बसत नाही. आजोबांनी खंडेरावांकडं बघून हनुवटी उचलली. बोला!

आणि खंडेरावांचा बांध फुटला. "लग्नानंतर पोरीची नोकरी सुटता कामा नये. एवढंच. बाकी तुम्ही म्हणाल ते." हे सगळं त्यांनी आजोबांना सांगितलं. आजोबांनी मान हलवली आणि अप्पारावांकडं हनुवटी वळवली.

अप्पारावांनी शेवयांची ताटली बाजूला सारली. मग तेही आजोबांनाच म्हणाले, "नोकरी सुटंल कशी? तिचीच तर राहणार हाय! आमचं पोरगं सोडतंय. इंजिनिअर केलं त्याला, अन् आता शेळ्या पाळतो म्हंतंय. आज्यानं मेंढरं सोडली, बापानं शेती धरली, म्या दुकान टाकलं. तीन पिढ्या लागल्या शेळ्यामेंढरांतून भाईर निघाया, अन् ह्यो परत आत! पोरीचा बाप सरकारी माणूस. कुठल्या तोंडानं सांगू? म्हनून मघाधरनं कापसावर बसलोय."

 बद्रीनाथ दारातून दोन पावलं पुढं आला.

"किती शेळ्या?" खंडेरावांनी विचारलं.

"वीस."

"जात?"

"उस्मानाबादी."

"बोकड?"

"दोन."

"एकाच कळपातले का बाहेरून आणलेले?"

"ते... इचारलं न्हाय."

"विचारलं नाही!" खंडेराव उभे राहिले. "अहो, अप्पाराव, पावसाळ्याआधीची लस कुणी टोचायची? गोठ्याची उंची कुणी काढायची? पोरगा इंजिनिअर आहे, खांब सरळ उभे करील. पण शेळीला कळतं का तो इंजिनिअर आहे म्हणून?" निवृत्त झाल्यापासून चार वर्षांत त्यांना कुणी शेळीबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. ते पाऊण तास बोलले. थायलंडचे आजोबा मान हलवत होते. बाकीची टेबलं खाणं सोडून ऐकत होती. एका कुटुंबानं तर टिपणं घेतली.

आणि मग, तीन वाजून चाळीस मिनिटांनी, शब्द पुरता हातात आल्यावर, सगळ्यांच्या साक्षीनं खंडेरावांनी मांडीखालचा हात बाहेर काढला. हाताला मुंग्या आलेल्या होत्या. त्यांनी विडा उचलला. तीन तासांत पान सुकून गेलं होतं. आजोबांनी टाळी वाजवली. बद्रीनाथनं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली आणि अकराच्या अकरा पदार्थ परत गरम करायला नेले.

खंडेराव थांबले. गिरणी बंदच होती. ओट्यावर पिठाची बारीक धूळ हळूहळू खाली बसत होती.

"लेकीसाठी बाप काय करतो," ते हलक्या आवाजात म्हणाले, "हे लेकींना नंतर कळतं."

 चंपाबाईंनी पदर डोळ्याला लावला. पीठ गेलं असेल.

"दळण झालं का, चंपाबाई?"

बाजरीच्या पोत्यांमागून बानाबाई पुढं आल्या. काखेत रिकामा डबा. केव्हापासून उभ्या होत्या कुणास ठाऊक. खंडेरावांनी खिसा चाचपला आणि आभाळाकडं बघितलं, पाऊस लांबला आहे का ते बघायला.

"वहिनी, तुम्ही तर तिथंच व्हता," मुंजाबा म्हणाले. "खरंच ह्यांनी तीन तास विड्याला हात लावला नाय?"

बानाबाईंनी डबा ओट्यावर ठेवला. "शेळ्यांचं खरं हाय. थायलंडच्या म्हाताऱ्याचं बी खरं हाय. तो मागं बसून ह्यांच्याकडं बघून हसत व्हता."

"बघा!" खंडेराव म्हणाले.

"हसत व्हता, कारण ती प्रेरणा पाट टेकवत व्हती, अप्पाराव अजून हात पुसत व्हते, अन् ह्यांनी दोन विडे तोंडात टाकलेले. एक सोताचा, एक व्याह्याचा. तोंड येवढं गच्च भरलेलं, की व्हय म्हणता येईना का नाय म्हणता येईना. म्हणून तर पोरीच्या नोकरीचा शब्द मला मागावा लागला!"